सगळं एकाच्या हाती नको

वाचकांचे प्रश्न : मुलांचे गटखेळ

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे. मुलांना एकत्र बसवलं, खेळ दिला, तरी ती एकत्र खेळत नाहीत. भांडतात तरी, नाहीतर एकजण खेळतो आणि बाकीचे बघत राहतात. त्यातली आठ पत्रं निवडली आहेत. उत्तरांतल्या खेळांना लागणारं साहित्य घरात किंवा वर्गात असतंच.

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. सहा-सहा मुलांचे गट करून काम दिलं की दोघं झटतात, एकजण त्यांच्या चुका काढतो आणि तिघं खिडकीबाहेर बघतात. गट मीच पाडते, सगळ्या प्रकारची मुलं मिसळते. तरी दर वेळी हेच. कुठे चुकतंय? (एक शिक्षिका)

उत्तर : बाई, मुलं मिसळण्यात काही चुकत नाही. गट मोठा आहे, आणि त्याहून मुख्य म्हणजे तुम्ही दिलेल्या कामाला सहाजण लागतच नसावेत. दोघांत उरकणारं काम सहांना दिलं तर चौघं मोकळे राहणारच.

माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. ती मोजमापं १९१३ मध्ये छापून आली. आठजणांनी मिळून दोर ओढला तेव्हा दरडोई जोर एकट्याने ओढण्याच्या जवळपास निम्म्यावर आला होता. याला दोन कारणं. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी लागत नाही, हे पहिलं. दुसरं असं की आपला जोर वेगळा कुणाला दिसत नाही हे कळलं की हात आपोआप सैल पडतो. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून केलेल्या प्रयोगांत हे दुसरं कारण वेगळं काढून दाखवलं गेलं. मोठ्यांची ही गत, तर तिसरीतल्या मुलांना काय बोल लावायचा?

तेव्हा गट चारचा करा, तीनचा झाला तरी चालेल. आणि साहित्य अशा रीतीने वाटा की कुणालाच एकट्याने पुढे जाता येऊ नये. कागदाचा मनोरा हा खेळ यासाठी उत्तम. दर गटाला वर्तमानपत्राचे १० पूर्ण कागद, १ मीटर चिकटपट्टी, बोथट टोकाची एक कात्री. वेळ १५ मिनिटं. हात काढल्यावर १० सेकंद आपल्या पायांवर उभा राहील असा जास्तीत जास्त उंच मनोरा करायचा. भिंतीला टेकवायचा नाही, जमिनीला चिकटवायचा नाही.

आता वाटणी. चिकटपट्टीला एकच मूल हात लावेल. कात्री दुसऱ्याकडे. कागदाच्या नळ्या तिसरं मूल वळेल, आणि उभ्या मनोऱ्याला स्पर्श फक्त चौथं करेल. दर चार मिनिटांनी तुम्ही टाळी वाजवली की कामं एकेक घर पुढे सरकतील. एवढ्यानेच वर्गातला आवाज बदलतो. 'मी करतो, मी करतो' कमी होतं आणि 'धरून ठेव', 'थांब, पट्टी येऊ दे', 'अजून बोटभर वर' असं ऐकू यायला लागतं.

कुठे बिघडतं तेही आधीच माहीत असलेलं बरं. बहुतेक गट निम्मी पट्टी पहिल्या नळीलाच गुंडाळून टाकतात. टाकू द्या, जास्तीची देऊ नका. दुसऱ्या डावात तेच मूल पट्टी कापण्याआधी बाकीच्यांना विचारतं. नळ्या कागदाच्या कडेकडून सैल वळल्या तर लगेच वाकतात. कोपऱ्यापासून तिरक्या, पेन्सिलीभोवती घट्ट वळल्या तर टिकतात. चौकोनी पाया एका बाजूला कलतो, त्रिकोणी कलत नाही. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे मनोरा शेवटच्या मिनिटापर्यंत हातात धरून ठेवणं. हात काढल्यावर तो कोसळतो आणि मग जो शेवटचा जवळ उभा असेल त्याच्या नावाने खापर फुटतं. म्हणून आठव्या मिनिटाला एकदाच विचारा, 'हात काढून बघितलं का?' बाकी वेळ तोंड मिटून ठेवा. हे तुमच्यासाठी सर्वांत अवघड जाईल.

प्रश्न : आमची आठ वर्षांची मुलगी भरभर बोलते, पण काही समजावून सांगायचं म्हटलं की 'ते असं... मग तिकडून... आणि मग तसं' एवढंच. समोरच्याला कळलं नाही तर तिलाच राग येतो. (आई-बाबा)

उत्तर : 'असं' आणि 'तिकडून' हे शब्द समोरच्याला आपले हात दिसत असतात तोवर चालतात. म्हणून हात दिसणार नाहीत असा खेळ हवा.

हा घोळ मुलांच्या वाढीचाच भाग आहे. १९६६ मध्ये ग्लुक्सबर्ग आणि क्राउस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यासह केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन मुलांच्या मध्ये पडदा लावला. दोघांकडे सारखेच ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळ्यावर नाव नसलेला एकेक विचित्र आकार. कोणता ठोकळा उचलायचा ते एकाने नुसतं बोलून दुसऱ्याला सांगायचं. बालवाडीतल्या मुलांना ते जमेना, कारण आकाराला ती आपापली खाजगी नावं देत आणि ती नावं समोरच्याला लागू पडत नसत. गंमत म्हणजे त्यांचंच वर्णन त्यांना परत ऐकवलं की ती बरोबर ठोकळा उचलत. म्हणजे वर्णन होतं, पण ते स्वतःपुरतं.

तुमच्या लेकीबरोबर पाठीला पाठ लावून चित्र हा खेळ खेळा. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसा. सांगणाऱ्याकडे एक चित्र, ऐकणाऱ्याकडे कोरा कागद आणि पेन्सिल. चित्रात पाच-सहा साधे आकार असावेत, पण त्यातून ओळखीची वस्तू तयार होता कामा नये. घराचं चित्र दिलं तर 'घर काढ' म्हणून मुलगी मोकळी होईल आणि खेळ तिथेच संपेल. चौकोन, त्याला टेकलेला त्रिकोण, एक नागमोडी रेघ, कुठेतरी दोन ठिपके, असं काहीतरी अर्थहीन हवं.

डाव तीन, प्रत्येक चार मिनिटांचा, दर वेळी नवं चित्र. पहिल्या डावात ऐकणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही. दुसऱ्यात ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेल एवढेच प्रश्न विचारायचे. तिसऱ्यात दोघांनी हवं तेवढं बोलायचं. शेवटी तिन्ही जोड्या शेजारी-शेजारी ठेवा. तिसरी जोडी बहुधा सर्वांत जवळची निघते, आणि विचारलेल्या प्रश्नाने काय होतं हे मुलीला सांगावं लागत नाही.

पहिल्या डावात ती म्हणेल, 'एक गोल काढ.' केवढा? नाण्याएवढा की बशीएवढा? कागदावर कुठे? तुम्ही ऐकणारे असाल तर हुशारी करू नका. जे सांगितलं तेवढंच आणि तेही शब्दशः काढा. 'गोल काढ' म्हटलं तर अख्खा कागद भरेल एवढा गोल काढा. 'त्याच्या बाजूला रेघ' म्हटलं तर चुकीच्या बाजूला काढा. मुद्दाम वेंधळं होणारी आई बघून मुलगी चिडायची सोडून हसते. दोन-तीन दिवसांत तिचं बोलणं असं व्हायला लागेल : 'कागद आडवा धर. मधोमध तळहाताएवढा चौकोन. आता चौकोनाच्या आत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, नाण्याएवढा गोल. तो दोन्ही कडांना टेकलाय.' यात चार गोष्टी आल्या : कागद कसा, आकार कोणता, केवढा आणि कशाला टेकलेला. कुठे अडलं तर या चारांतलं काय राहिलं ते तिला शोधू द्या.

एक फसगत हमखास होते. पाठ करून बसल्यावर दोघांची डावी बाजू खोलीच्या विरुद्ध दिशांना असते. मुलगी हाताने डावीकडे दाखवते आणि गोंधळ उडतो. बाजू कागदाची मोजायची, खोलीची नाही, हे आधीच ठरवा. कागदाच्या वरच्या कडेला दोघांनीही फुली मारून ठेवली तर निम्मे वाद मिटतात.

धाकटं भावंड असेल तर त्याच्याशी हाच खेळ ठोकळ्यांनी खेळा. दोघांकडे एकसारखे सहा ठोकळे, मध्ये उभं धरलेलं खोकं. चार-पाच वर्षांच्या मुलाला तीन ठोकळ्यांपासून सुरुवात पुरे.

आणि कौतुक सांगणाऱ्याचंच करू नका. 'म्हणजे गोल आतच ना?' असं विचारून खात्री करणाऱ्याचा वाटाही तेवढाच आहे.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलांच्या प्रत्येक समारंभात संगीतखुर्ची होते आणि पहिल्या तीन मिनिटांत दोन-तीन मुलं रडत बाहेर बसतात. हा खेळ बंदच करावा का? (एक मावशी)

उत्तर : बंद करू नका, उलटा करा. दर फेरीला खुर्ची काढा, मूल काढू नका. गाणं थांबलं की सगळ्यांनी उरलेल्या जागांवर मावायचं. एक जरी बाहेर राहिला तर सगळे हरले.

फक्त खुर्च्या वापरू नका. एका खुर्चीवर चारजण चढले की ती कलंडते. जमिनीवर वर्तमानपत्राचे पूर्ण उघडलेले कागद पसरा, आठ मुलांना सहा कागद. फरशी गुळगुळीत असेल तर कागद सरकतो आणि मुलं घसरतात, त्यामुळे चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावा, किंवा खडूने चौकोन आखा. दर फेरीला एक जागा कमी. दोन उरल्या की त्या अर्ध्या करा. 'पाय कागदाबाहेर टेकला नाही म्हणजे आत' एवढाच नियम. मग मुलं आपणहून एकमेकांचे हात धरतात, एका पायावर उभी राहतात, छोट्याला कडेवर घ्यायला बघतात. कडेवर घेणं मात्र थांबवा, दोघंही पडतात. ढकलाढकली झाली तर फेरी पुन्हा घ्या. ओरडण्यापेक्षा ते लवकर कळतं.

प्रश्न : मुलगे दोन, बारा आणि आठ वर्षांचे. भांडणं नकोत म्हणून सगळ्यांनी मिळून खेळाला हरवायचे असे बोर्डगेम आणले. झालं असं की मोठा चाली सांगतो आणि धाकटा सोंगट्या हलवतो. धाकट्याला आता कंटाळा आलाय. (दोन मुलांची आई)

उत्तर : धाकट्याचं बरोबर आहे, त्याला खेळायलाच मिळत नाही. या प्रकारच्या खेळांतलं हे जुनंच दुखणं आहे आणि त्याचा दोष मोठ्याच्या स्वभावाला देण्याआधी खेळाच्या रचनेकडे बघावं. पट उघडा, पत्ते उघडे, सगळी माहिती सगळ्यांना दिसते. अशा वेळी ज्याला चटकन सुचतं तो बोलतो आणि बाकीच्यांना मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाही. 'धाकट्यालाही बोलू दे' असं बजावून दोन चाली निभतात, तिसरीला पुन्हा तेच.

इलाज एकच : प्रत्येकाकडे असं काहीतरी असावं जे दुसऱ्याला दिसत नाही. हानाबी हा पत्त्यांचा खेळ याच कल्पनेवर उभा आहे. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा हा २०१० मधला खेळ. २०१३ मध्ये जर्मनीतला वर्षाच्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. यात पत्ते उलटे धरायचे असतात. तुमचे पत्ते इतरांना दिसतात, तुम्हाला नाही. मोठा कितीही हुशार असला तरी स्वतःच्या हातात काय आहे हे त्याला धाकट्यानेच सांगावं लागतं.

आधी त्याची हलकी आवृत्ती घरी करून बघा. जाड कागदाचे सारखे ३० तुकडे, तीन रंगांचे दहा-दहा. प्रत्येक रंगात १ हा अंक तीन पत्त्यांवर, २, ३ आणि ४ दोन-दोन पत्त्यांवर, ५ एकाच पत्त्यावर. आठ बटणं म्हणजे आठ इशारे. तीन खडे म्हणजे तीन चुकांची मुभा. दोघं किंवा तिघं खेळत असाल तर प्रत्येकाला पाच पत्ते, चारजण असतील तर चार.

आपली पाळी आली की तीनपैकी एकच गोष्ट करायची. इशारा द्यायचा, पत्ता लावायचा किंवा पत्ता टाकून द्यायचा. इशारा म्हणजे एकाच खेळाडूला एकाच रंगाबद्दल किंवा एकाच अंकाबद्दल सांगणं, आणि तसे त्याच्याकडचे सगळे पत्ते बोटाने दाखवणं : 'हे दोन लाल आहेत.' एका इशाऱ्याला एक बटण खर्च. बटणं संपली की इशारा बंद. पत्ता टाकला की एक बटण परत मिळतं. लावलेला किंवा टाकलेला पत्ता गेला की गठ्ठ्यातून नवा घ्यायचा, तोही न बघता. प्रत्येक रंगाची रांग १ पासून ५ पर्यंत क्रमाने लावत जायचं. चुकीचा पत्ता लावला तर एक खडा गेला. तिसरा गेला की डाव संपला. गठ्ठा संपल्यावर प्रत्येकाला एकेक पाळी मिळते, मग लागलेले पत्ते मोजायचे. पूर्ण १५ लागले तर फारच छान, पहिल्या डावांत आठ-नऊ लागले तरी वाईट नाही.

तुमच्या घरी दोन गोष्टी घडतील. मोठा भुवया उडवून, सूर लावून, 'विचार कर बरं का' म्हणून चोरून इशारे देईल. ते चालणार नाही हे पहिल्या डावाआधीच सांगा. आणि धाकटा एकमेव ५ टाकून देईल. तो गेला की त्या रंगाची रांग पूर्ण होणं शक्य नाही, त्यामुळे मोठा भडकेल. अशा वेळी विचारायचं, 'तो ५ आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं?' चूक टाकणाऱ्याची की न सांगणाऱ्याची, हा वाद त्यांचा त्यांना घालू द्या. असे वाद घालायलाच हा खेळ आहे.

तुमच्याकडचे जुने खेळ फेकू नका. त्यांत एकच नियम वाढवा : ज्याची पाळी तो आधी आपला बेत सांगेल, आणि त्याने विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही.

प्रश्न : शिबिरात मुलं एकमेकांचे हात धरून गुंता करतात आणि हात न सोडता तो सोडवतात. दिसायला छान, पण एका मुलाचं मनगट दुखावलं. हा खेळ घ्यावा का? (एक स्वयंसेवक)

उत्तर : नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर नको. मोठ्यांबरोबर घ्यायचा तर सहा ते आठजण, जास्त नाहीत. हातात हात देण्याऐवजी दोघांच्या मध्ये साधारण अर्ध्या मीटरचा दोरीचा तुकडा किंवा मोठा रुमाल द्या. मनगटाला पीळ बसत नाही, हात धरायला लाजणारी मुलंही खेळात येतात, आणि गुंता कुठे आहे ते दिसतं. एकमेकांच्या हातांवरून उडी मारायची नाही, खालून जायचं. कुणीही 'थांब' म्हटलं की सगळे जागच्या जागी. आणखी एक : काही गुंते सुटतच नाहीत, काहींतून दोन वेगळी कडी निघतात. त्यात मुलांचा दोष नसतो. म्हणून एकदा एक टोक सोडून पुन्हा धरायची मुभा ठेवा, आणि कोणतं टोक सोडायचं ते त्यांनी बोलून ठरवावं.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाला जिंकायचंच असतं. 'सगळे जिंकले' म्हटलं की तो म्हणतो, 'मग खेळलो कशाला?' मला तर त्याचं पटतं. स्पर्धा इतकी वाईट आहे का? (एक बाबा)

उत्तर : मुलाचं आम्हालाही पटतं. ज्यात हरता येत नाही तो खेळ मिळमिळीत होतो, आणि सहकार्याचे खेळ म्हणून जे खपवलं जातं त्यात असे मिळमिळीत खेळ पुष्कळ आहेत. हरण्याची भीती हवी, फक्त ती समोरच्या मुलाकडून नको. घड्याळ, चेंडू, स्वतःचाच कालचा आकडा, यांच्याशी झुंज लावा.

स्पर्धा नुसतीच वाढवत नेली तर काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरिफ आणि सहकाऱ्यांनी साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं, दोन गट केले आणि त्यांच्यात सामने लावले. काही दिवसांतच एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो शिबिराचं पाणी बंद पडलं आणि ट्रक अडकून बसला तेव्हा. रस्सीखेचीत दोन बाजूंनी ओढलेला दोर मुलांनी ट्रकला बांधला आणि सगळ्यांनी एकाच बाजूने ओढला. ही संकटं संशोधकांनीच रचलेली होती, आणि मुलांना अंधारात ठेवून भांडणं पेटू देणारा असा प्रयोग आज करू दिला जाणार नाही. पण नुसतं शेजारी बसवून मैत्री होत नाही, एवढं त्यातून घ्यावं.

तुमच्या मुलासाठी क्रमाचा चेंडू. आठ ते दहा मुलं गोलात उभी. चेंडू कुणी कुणाकडे टाकायचा तो क्रम एकदा ठरवा, शेजाऱ्याकडे टाकायचा नाही, आणि चेंडू प्रत्येकाच्या हातून एकदाच जाऊन पहिल्याकडे परत यावा. घड्याळ लावा. पहिली वेळ वीस-पंचवीस सेकंद येईल. 'निम्म्या वेळात करा' म्हणा. मुलं जोरात फेकायला लागतात, चेंडू सुटतात, वेळ उलट वाढते. हा टप्पा येऊ द्या. 'आता पाच सेकंदांत' म्हटल्यावर कुणीतरी म्हणतं, 'अशक्य.' मग थोड्या वेळाने कुणीतरी, बहुतेकदा मागे गप्प उभं असलेलं मूल, विचारतं, 'जागा बदलली तर चालेल का?' चालेल. नियम क्रमाचा आहे, उभं कुठे राहायचं याचा नाही. मुलं क्रमाने शेजारी-शेजारी येतात, हात एकमेकांखाली धरतात आणि चेंडू नुसता घरंगळवतात. तुम्ही आधी सुचवलंत तर खेळाचा जीवच गेला.

प्रश्न : मुलगी गटात बोलतच नाही. बोलावं म्हणून तिला मुद्दाम कप्तान केलं, तर ती रडली. घरी चांगली बोलते, मध्येच थोडी अडखळते. (एक आई)

उत्तर : पुन्हा कप्तान करू नका. कप्तानाला सगळ्यांसमोर, पटकन आणि न विचारता बोलावं लागतं. न बोलणाऱ्या मुलाला याहून कठीण काही नाही.

तिचं बोलणं गटाला हवंसं वाटेल अशी तजवीज करा. एका गोष्टीची चार चित्रं चौघांना एकेक द्या. आपलं चित्र कुणाला दाखवायचं नाही, फक्त सांगायचं, आणि सगळ्यांनी मिळून गोष्टीचा क्रम लावायचा. तिचं चित्र कळल्याशिवाय क्रम लागत नाही, म्हणून बाकीचे तिच्याकडे वळतात, थांबतात, विचारतात. हीच कल्पना अभ्यासासाठी एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत वापरली होती : धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे, आणि तो इतरांना शिकवायची जबाबदारी त्याचीच.

त्याआधी आठवडाभर बिनबोलण्याचे खेळ घ्या. अजिबात न बोलता सगळ्यांनी वाढदिवसाच्या क्रमाने, १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत, रांगेत उभं राहायचं. सगळेच मुके असले की तिचं गप्प राहणं वेगळं दिसत नाही, आणि बोटांनी महिने मोजून दाखवण्यात ती मागेही पडणार नाही. अडखळते म्हणता, तर तिच्या पाळीला घड्याळ लावू नका आणि तिचं वाक्य कुणी पुरं करू नये, तुम्हीही नाही. अडखळणं महिनोन्महिने टिकलं किंवा त्यामुळे ती बोलणं टाळायला लागली तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा; त्यावर खेळ हा इलाज नव्हे.

प्रश्न : खेळ संपल्यावर 'काय शिकलात?' विचारलं की मुलं एका सुरात म्हणतात, 'एकीचं बळ!' आणि पळतात. चर्चा कशी घ्यावी? (एक ताई, सुट्टीतले वर्ग घेणाऱ्या)

उत्तर : ताई, तुम्हाला जे ऐकायचं असतं ते मुलांना पाठ असतं. म्हणून 'काय शिकलात' हा प्रश्नच टाका. घडलेल्या एका क्षणाबद्दल विचारा.

समजा, तरंगती काठी हा खेळ घेतला. दोन मीटर लांबीची अगदी हलकी काठी. वर्तमानपत्राच्या घट्ट नळ्या एकात एक घालून जोडल्या तरी चालतं. आठ मुलं चार-चारच्या रांगांत समोरासमोर, तर्जन्या पुढे, त्यांच्यावर आडवी काठी. प्रत्येकाचं बोट सतत काठीला टेकलेलं ठेवून ती जमिनीवर उतरवायची. काठी खाली यायच्या ऐवजी वर जाते. जादू नाही. बोट सुटू नये म्हणून प्रत्येकजण किंचित वर दाबतो, आठ बोटांचा तो दाब काठीच्या वजनापेक्षा जास्त होतो, काठी वर गेली की मागे राहिलेलं बोट तिला गाठायला आणखी वर जातं. काठी जड असेल तर हे होतच नाही, म्हणून झाडूचा दांडा घेऊ नका.

अर्ध्या मिनिटात सुरू होतं, 'तू वर ढकलतोयस!' 'मी नाही, ती!' तिथेच थांबवा. काठी खाली ठेवा आणि सगळ्यांना बसवा. तीन प्रश्न पुरेत. 'काठी वर जायला लागली तेव्हा पहिला शब्द कोणता ऐकू आला?' 'त्या शब्दाने काठी खाली आली का?' 'पुढच्या वेळी त्या जागी काय म्हणायचं?' उत्तर देताना कुणाचं नाव घ्यायचं नाही. पाच मिनिटांच्या वर बोलणं ताणू नका, मुलं चुळबुळ करायला लागतात.

आणि लगेच, त्याच दिवशी, दुसरा डाव घ्या. नेमका वेळेअभावी हाच गाळला जातो. तासाभरात चार खेळ उरकण्यापेक्षा दोन खेळ दोनदा घ्या. दुसऱ्या डावात बहुधा एकजण हळू आवाजात मोजायला लागतो, 'एक... गुडघे वाकवा... दोन...' आणि बाकीचे त्याच्या आवाजाबरोबर खाली बसत जातात. काठी टेकली की बोटं आधी काढून घ्यायला सांगा, नाहीतर ती काठीखाली चेमटतात.